दादा, तू मॅचला येऊ नकोस

यावेळचं पत्र सातारा जिल्ह्यातून आलंय, नाव-गाव छापू नका म्हटलंय म्हणून ते लिहीत नाही. पत्र मोठं आहे, थोडक्यात सांगते. लिहिणारा २६ वर्षांचा, तालुक्याच्या गावी मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. धाकटी बहीण १७ वर्षांची, बारावीला, कबड्डी खेळते, रेडर आहे म्हणजे समोरच्या टीमवर चढाई करते, आणि यंदा कुमारी गटात जिल्ह्याच्या टीममध्ये तिची निवड झालीये. हा तिला रोज बाईकवर प्रॅक्टिसला सोडतो, सुटेपर्यंत ग्राउंडवरच बसून राहतो, मॅचला जातो, बाहेरून ओरडून तिला सांगत राहतो, तिचा फोन अधूनमधून चेक करतो कारण "जमाना खराब आहे", आणि एकदा तर कोचशी वाद घालून आलाय की हिला पहिल्या सातात का घेत नाही. घरी वडील म्हणतात बारावी झाली की बास झालं, काका-काकूंचं म्हणणं पोरगी हाफ पॅन्ट घालून गावोगाव फिरते, लोक काय म्हणतील. घरात तिच्या बाजूने बोलणारा हा एकटाच. आणि गेल्या महिन्यात ती त्याला म्हणाली, "दादा, तू मॅचला येऊ नकोस." ते त्याला फार लागलंय. शेवटी विचारलंय, "मी तिच्यासाठी एवढं करतो, अजून काय केलं म्हणजे तिला सपोर्ट होईल?"

तुला अरे-तुरेच करते, वयाने मी तुझ्या मावशीएवढी असेन. मी स्वतः युनिव्हर्सिटीकडून कबड्डी खेळलेय आणि नंतर बरीच वर्षं शाळेत पोरींना खेळ शिकवलाय, त्यामुळे तुझ्यासारखे भाऊ आणि तिच्यासारख्या बहिणी दोन्ही खूप पाहिलेत. आधी हे सांगते की तुझ्या मनात खोट नाहीये हे पत्रातच दिसतं. ज्या घरात सगळे नको म्हणतायत तिथे एक जण हो म्हणणारा असला तरी पोरगी खेळत राहते, आणि ती आजवर खेळली यात तुझा वाटा आहे. पण स्पष्ट बोलते, तू जे करतोयस त्यातली निम्मी मदत आहे आणि निम्मी राखण आहे, आणि तुला स्वतःला या दोन्हीतला फरक दिसत नाहीये. सोडायला जाणं ही मदत. सुटेपर्यंत तिथे बसून लक्ष ठेवणं ही राखण. शूज घेऊन देणं मदत, फोन बघणं राखण. तिला तुझी मदत हवी आहे, राखण नकोय, आणि ती १७ वर्षांची आहे, तिला हे असं फोड करून सांगता येत नाही म्हणून तिने एकच वाक्य टाकलं की येऊ नकोस.

मॅचचंच घेऊ आधी. तू म्हणतोस "मी बाहेरून गाईड करतो". तू स्वतः गावच्या टीममध्ये खेळलायस म्हणजे तुला माहितीये रेडरकडे किती वेळ असतो, ३० सेकंद, त्यात तोंडाने कबड्डी कबड्डी चालू, डोळे कॉर्नरवर म्हणजे कडेच्या डिफेंडरवर, समोरची हात धरलेली चेन कधी आत येतेय त्यावर लक्ष, टीम दोन रेड रिकामी आली असेल तर तिसरी डू ऑर डाय, म्हणजे पॉइंट आण नाहीतर आउट, आणि तेवढ्यात लाईनच्या बाहेरून दादाचा आवाज येतो, "बोनस घे, बोनस!" अरे, तो आवाज तिला ऐकू येतो तसाच समोरच्या सहा-सात डिफेंडरनाही येतो. त्यांचा कॉर्नर लगेच पाय सरकवतो. शिवाय कोचने तिला काही वेगळंच सांगितलेलं असू शकतं, आणि आउट झाली की तिला दोघांचं ऐकून घ्यावं लागतं, ग्राउंडवर कोचचं आणि घरी येताना बाईकवर तुझं. मी पैजेवर सांगते की परतीच्या वाटेवर तू पहिलं वाक्य "ती रेड अशी का केलीस" हेच बोलत असशील. तिथे गप्प बस. "भूक लागलीय का" एवढं विचार, आणि ती स्वतः मॅचबद्दल बोलायला लागली तर ऐक.

२०२५ च्या क्रिकेट वर्ल्ड कपला आपल्या मुलींची सेमी फायनल नवी मुंबईत डी. वाय. पाटीलला ऑस्ट्रेलियाशी होती, समोर ३३९ चं टार्गेट, कुणालाही घाम फुटेल. कोच आपला मुंबईचा अमोल मुझुमदार, ज्याने रणजीत ढिगाने रन काढले आणि इंडियाकडून एकही मॅच खेळायला मिळाली नाही, असा माणूस. ब्रेकमध्ये त्याने भाषण ठोकलं नाही. बोर्डावर एवढंच लिहिलं की त्यांच्यापेक्षा एक रन जास्त हवाय. बाकीचं जेमिमा आणि हरमनवर सोडलं, जेमिमाने नाबाद १२७ केले आणि तीन दिवसांनी कप आपल्याकडे होता. खेळ येणाऱ्या माणसाला गप्प राहणं जास्त जड जातं हे मला माहितीये, पण ती जे शिकलीये त्यावर तुझा विश्वास आहे हे तिला तुझ्या गप्प बसण्यातूनच कळणार आहे.

आणि कोचशी जे भांडून आलास ते पुन्हा करू नकोस. त्याचा त्रास तुला नाही, तिला झाला. दुसऱ्या दिवशी ती कोर्टवर उतरली तेव्हा बाकीच्या पोरी आपसात काय बोलल्या असतील याचा विचार कर, "हिचा भाऊ येऊन दम देतो म्हणून हिला घेतात." उद्या ती खरोखर स्वतःच्या जोरावर पहिल्या सातात आली तरी हे तिच्या मागे राहील. तिला विचारायचं असेल तर ती स्वतः विचारेल की सर मी कुठे कमी पडतेय, आणि ते विचारायला तिला शिकू दे.

आता फोन. या मुद्द्यावर जरा सविस्तर लिहिते कारण इथे चूक झाली तर महागात पडते.

तुला भीती वाटते ती उगाच नाहीये. २०२३ मध्ये ऑलिंपिक मेडल आणलेली साक्षी मलिक आणि बाकीच्या पैलवान मुली जंतर मंतरवर रस्त्यात झोपल्या होत्या, लैंगिक छळाची तक्रार कुणी ऐकेना म्हणून, ते सगळ्या देशाने बघितलं. तेव्हा खेळात असलं काही होत नाही असं मी तुला सांगणार नाही. पण फोन चेक करून हे थांबत नाही. मी इतक्या वर्षांत पाहिलेली गोष्ट सांगते, पोरींना काही वाईट अनुभव आला, कुणी नको तिथे हात लावला, रात्री अकराला मेसेज केला, तर त्या घरी सांगत नाहीत. घाबरून नाही सांगत असं नाही, त्यांना पक्कं माहीत असतं की सांगितल्यावर पहिली गोष्ट काय होणार, तर खेळ बंद. त्या माणसाचं काही होवो न होवो, हिचं ग्राउंड सुटणार. मग पोरगी हिशोब करते आणि गिळून टाकते. त्यामुळे तू तिला एकदाच, शांतपणे, आई-वडील समोर नसताना एक गोष्ट सांग, "तुला कुठेही काही विचित्र वाटलं आणि तू मला सांगितलंस तर तुझा खेळ बंद होणार नाही, हा माझा शब्द." आणि मग तो पाळ. फोनच्या पासवर्डपेक्षा हा शब्द तिला जास्त सुरक्षित ठेवेल. फोन बघणं मात्र आजपासून बंद, कारण जो भाऊ आपले मेसेज वाचतो त्याला पोरगी मनातलं सांगत नाही.

तुला काहीतरी करायचंच आहे ना, मग हे विचारून घे, आणि संघटनेला किंवा क्लबला विचार, तिला नाही. बाहेरगावी टीम जाते तेव्हा सोबत लेडी मॅनेजर असते का? मुली कुठे झोपतात, दाराला आतून कडी आहे का? तक्रार करायची झाली तर समिती कुठेय? कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा आहे त्यात स्टेडियम, क्रीडा संकुल, स्पर्धेची जागा हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे, हे फारच कमी पालकांना माहीत असतं. ती अजून १८ ची नाहीये म्हणजे पॉक्सो, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, तो पण लागू होतो, आणि १०९८ हा लहान मुलांच्या मदतीचा नंबर तिच्या फोनमध्ये असू दे. चार पालकांनी मिळून हे प्रश्न लेखी विचारले की सगळं आपोआप जरा सरळ चालायला लागतं. एकट्या दादाने ग्राउंडवर पहारा देण्यापेक्षा याचा उपयोग टीममधल्या सगळ्या पोरींना होतो.

तुझ्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. आदिती स्वामी. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला आर्चरीची सीनियर वर्ल्ड चॅम्पियन झाली, कंपाउंड प्रकारात, तेव्हा ती १७ वर्षांची होती, म्हणजे तुझ्या बहिणीएवढीच. तिचे वडील शाळेत शिक्षक. पोरीला खेळायला मिळावं म्हणून त्यांनी गावातून बिऱ्हाड उचललं आणि साताऱ्यात आणलं. नेम तिने धरायचा, त्यांनी फक्त ग्राउंडपर्यंतचं अंतर कमी केलं, आणि त्यासाठी स्वतःच्या आयुष्यात गैरसोय करून घेतली. तुझ्याच जिल्ह्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर पण शाळेत खो-खो खेळायची, मग पळायला लागली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या फायनलला दहावी आली, पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची फायनल गाठणारी पहिली भारतीय बाई. मोही गाव बघितलंयस ना, दुष्काळी पट्टा सगळा. आणि भावांबद्दल म्हणशील तर सांगलीच्या स्मृती मानधनाचा भाऊ श्रवण स्वतः महाराष्ट्राच्या अंडर-१६ ला खेळला, त्याचं बघून ही क्रिकेटकडे वळली आणि मग तोच तिला नेटमध्ये बॉलिंग टाकायचा. असल्या गोष्टींत पुरुष माणूस काय करतो ते बघ, घर हलवतो, बॉल टाकतो, पैसे उभे करतो. तिच्या जागी उभा राहून खेळत नाही.

म्हणून तुला माझा पहिला प्रश्न वेगळाच आहे. प्रॅक्टिसवरून तुम्ही दोघं घरी येता, साडेसात-आठ वाजले असतील, त्यानंतर काय होतं? तू पत्रात लिहिलंयस की "ती घरची कामं पण करते, त्यात पण मागे नाही", आणि ते तू कौतुकाने लिहिलंयस. म्हणजे तू टीव्हीसमोर टेकतोस आणि ती परातीत पीठ घेऊन बसते, बरोबर? दोन तास डिफेन्सला खांदा देऊन आलेली पोरगी, ढोपरं सोललेली, ती भाकऱ्या थापतेय, मग भांडी, मग बारावीचा अभ्यास, झोपायला बारा, पहाटे पुन्हा रनिंग. शरीर भरून निघतं ते झोपेत. झोप कापली की पहिल्यांदा रिकव्हरी जाते, मग रेडमधला तो अर्ध्या सेकंदाचा वेग जातो, आणि मग सगळे म्हणतात पोरीचा फॉर्म गेला. तू संध्याकाळची भांडी घे. भाकरी येत नसेल तर कुकर लाव, ते सहज जमतं, आईला पण उसंत मिळेल. एक आठवडा हसतील घरचे, काकू तर नक्कीच टोमणा मारेल की पोरगा बायकी झाला. हसू दे. तिच्या खेळासाठी तुला करता येण्यासारखं सगळ्यात मोठं काम तुझ्या स्वयंपाकघरात आहे, ग्राउंडवर नाही, आणि हे मी अगदी मनापासून सांगतेय.

खाण्याचं पण तसंच. घरात अंडी आली की कुणाच्या ताटात किती जातात ते आज रात्री बघ. दूध कुणाच्या कपात जातं ते बघ. बऱ्याच घरांत मुद्दाम कुणी काही करत नाही पण पुरुषांना वाढून झाल्यावर उरतं त्यात पोरगी भागवते, आणि खेळणाऱ्या पोरीला तर ते पुरतच नाही. दोन उकडलेली अंडी, शेंगदाणे-गूळ, मोड आलेली मटकी, केळं, यात काही फार महागडं नाही. प्रॅक्टिसनंतर लगेच काहीतरी पोटात गेलं पाहिजे, तू दुकानातून तिला घ्यायला जातोस तेव्हा डबा घेऊन जा. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या, आपल्याकडे पोरींचं ते कमी असणं इतकं कॉमन आहे की दम लागतो, पाय जड होतात आणि सगळ्यांना वाटतं स्टॅमिना नाहीये.

पाळीबद्दल लिहू का? लिहितेच, कारण भावांना कुणी सांगत नाही. त्या दिवसांत काही मुली मस्त खेळतात, काहींना उभं राहवत नाही, दोन्ही खरं, त्यामुळे "आज नको जाऊस" असंही तू ठरवायचं नाही आणि "बहाणे करते" असंही म्हणायचं नाही. किराणा आणायला जातोस तेव्हा पॅडचं पाकीट पण आण, दुकानदाराने काळ्या पिशवीत घातलं तर घालू दे, पण आण. आणि तीन-तीन महिने पाळी येत नसेल तर "खेळाडूंचं असंच असतं" म्हणणारे खूप भेटतील, कोचसुद्धा म्हणतात, ते चूक आहे. जेवढी ताकद खर्च होतेय तेवढं पोटात जात नाहीये याची ती खूण असू शकते आणि त्यात हाडं कमजोर होतात. तेव्हा डॉक्टरणीकडे गेलंच पाहिजे. हे तिच्याशी आई बोलेल, किंवा एखादी मॅडम बोलेल, तू फक्त डॉक्टरची फी आणि वेळ याला अडचण येऊ देऊ नकोस. स्पोर्ट्स ब्राचं पण हेच, चांगली हवी, एक नाही दोन-तीन हव्यात, आणि त्याचे पैसे मागायला पोरी मरणाच्या लाजतात, म्हणून जुन्या कपड्यांवर खेळतात. महिन्याला ठरावीक रक्कम तिच्या खात्यात टाक आणि कशाला लागले विचारू नकोस.

गुडघा मुरगळला, आतून कट्टकन आवाज आला आणि सूज आली, तर चोळणाऱ्याकडे नेऊ नकोस, हाडांच्या डॉक्टरकडे ने. गुडघ्यातली एसीएल नावाची लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आहे, आणि कबड्डीत तर अचानक वळणं, उडी, वर चार जणींचं वजन. नीट वॉर्मअप आणि मांड्यांचा व्यायाम केला तर धोका कमी होतो. हे कोचला विचारलंस तर चालेल, फक्त दम देऊ नकोस.

बरं, तू मॅचला जातोसच तर तिथे काय करायचं ते सांगते. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या स्पर्धा कुठे होतात, एखाद्या हायस्कूलच्या मैदानावर. पोरी सकाळी सातला येतात, मॅच लागते दुपारी तीनला. मुलींच्या टॉयलेटला कुलूप, चावी शिपायाकडे, शिपाई सुट्टीवर. कपडे बदलायला एक वर्ग दिलेला असतो त्याच्या खिडकीला काच नाही, मग दोन पोरी ओढणी धरून उभ्या राहतात आणि तिसरी आत बदलते. मी हे इतक्या वेळा बघितलंय. आणि याचा खेळावर काय परिणाम होतो माहितीये, पोरी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. उन्हात आठ तास बिन पाण्याच्या, आणि मग सेकंड हाफमध्ये पोटरीत गोळा येतो, रेडर मॅटवर आडवी होते आणि बाहेर बसलेले पुरुष म्हणतात, "पोरींच्यात दम नसतो." तिच्या टीमसाठी तू काही करू शकतोस तर हे कर, सकाळी लवकर जा, आयोजकाला गाठ, चावी मिळव, बादलीभर पाणी आणि डस्टबिन आहे का बघ, खिडकीला पुठ्ठा लाव. आयोजक पुरुष असतात, त्यांना मुली हे सांगू शकत नाहीत, तू सांगू शकतोस. मॅचच्या वेळी पाठीमागे बस. तेवढं केलंस की ती तुला कदाचित स्वतःच बोलावेल, पण नाही बोलावलं तरी चावीचं काम चालू ठेव.

व्हिडिओचं राहिलं. तू तिच्या रेडचे रील टाकतोस असं लिहिलंयस. तिला विचारून टाकतोस का? खाली काय कमेंट येतात ते ती वाचते रे, रेडपेक्षा मांड्यांवर जास्त कमेंट असतात. तिने हो म्हटलं तरच टाक, आणि टाकलंस तर कमेंट साफ ठेवणं हे तुझं काम. तुझ्या कट्ट्यावरचं कुणी "बायकांची कबड्डी काय बघायची" म्हणालं तर हसून सोडून देऊ नकोस, त्याला म्हण चल रविवारी माझ्याबरोबर मॅचला. दहा पोरं येऊन नीट बसली, शिट्ट्या न मारता चांगल्या पकडीला टाळ्या वाजवल्या, तर त्या पोरींना काय वाटतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. रिकाम्या मैदानावर खेळायची इतकी सवय झालेली असते.

वडिलांशी बोलायचं तुलाच लागणार, ते तिच्यावर टाकू नकोस. नोकरीचा मुद्दा त्यांना पटेल, राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस भरतीत कितीतरी पोरी त्यातून लागल्यात. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेची सर्टिफिकेट लागतात आणि क्रीडा खात्याकडून त्यांची पडताळणी होते, तेव्हा आजपासून एक फाईल कर, ओरिजिनल नीट ठेव, लॅमिनेट करत बसू नकोस, झेरॉक्स काढून ठेव. दहावी-बारावीला खेळाचे ग्रेस मार्क मिळतात त्याचा अर्ज शाळेतून वेळेत गेला का ते पण बघ. पण एक सांगते, वडिलांना फक्त नोकरीवर पटवू नकोस. नोकरी लागलीच नाही तर मग खेळली ते वाया गेलं असा हिशोब होतो, आणि तिच्या आयुष्यातली ही वर्षं वाया जाणारी नाहीयेत. त्यांना एकदा मॅचला घेऊन जा. काकांना समोर बसवून चर्चा करत बसू नकोस, त्यांना "आमच्या घरचं आम्ही बघतो" एवढं तू बोललास तरी पुरे, तिच्या कानावर ते बोलणं येऊ नये एवढं बघ. आणि बारावीनंतर स्थळांचा विषय निघाला तर तुझी बाजू आधीच ठरलेली असू दे, त्या दिवशी विचार करायला बसू नकोस. १८ च्या आत तर कायद्यानेच नाही, आणि नंतरही तिने हो म्हटल्याशिवाय नाही.

शेवटचा मुद्दा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, आणि तू तो पत्रात सहज लिहून पुढे गेलायस. तुमचं मंडळ दरवर्षी कबड्डी स्पर्धा भरवतं, तू कमिटीत आहेस, स्पर्धा फक्त पुरुषांची. का? प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली ती अजून चालू आहे, त्यांनी मुलींची तीन टीमची एक स्पर्धा २०१६ ला घेतली, ती एका सीझनवरच थांबली. आणि यात आपल्या पोरींचा खेळ कुठे कमी पडत नव्हता. २०१२ ला पाटण्यात पहिला वर्ल्ड कप जिंकला त्यात महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के होत्या, २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्सला फायनल २६-२५ ने काढली, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ढाक्यात पुन्हा वर्ल्ड कप. खेळायला स्पर्धाच नसतील तर पोरी तयार कुठे होणार. मुलींच्या क्रिकेटची संघटना १९७३ मध्ये लखनौच्या महेंद्रकुमार शर्मा नावाच्या माणसाने उभी केली, पहिली नॅशनल त्याच वर्षी आपल्या पुण्यात झाली, टीम आल्या फक्त तीन. तीनवर सुरू झालं ते. महिला महाराष्ट्र केसरी सुद्धा २०२३ ला पहिल्यांदा झाली, सांगलीत, आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा घेतली. कुणीतरी भरवलं म्हणून झालं ना.

तेव्हा या वर्षीच्या मीटिंगमध्ये मुलींच्या गटाचा विषय तू मांड. चार टीम आल्या तरी चालतील. बक्षिसाची रक्कम पुरुषांएवढीच ठेवा, "आधी बघू, मग वाढवू" हे ऐकून घेऊ नकोस, बीसीसीआयने २०२२ मध्ये मॅच फी पुरुष-बायकांची सारखी केली, टेस्टला १५ लाख दोघांनाही, तर तुमच्या मंडळाला २१ हजार सारखे ठेवायला काय हरकत आहे. मुलींची फायनल दुपारी बाराच्या उन्हात उरकून टाकू नका, संध्याकाळी लाईटमध्ये, पुरुषांच्या फायनलच्या आधी, गर्दी असते तेव्हा लावा. बक्षीस द्यायला आमदाराच्या आधी एखादी जुनी महिला खेळाडू बोलवा, तुमच्या तालुक्यात शोधलंस तर नक्की सापडेल, कुठल्यातरी बँकेत नाहीतर शाळेत नोकरी करत असेल आणि तिला पंचवीस वर्षांत कुणी मैदानावर बोलावलं नसेल. आणि नियोजनाच्या मीटिंगला तुझ्या बहिणीला आणि तिच्या कॅप्टनला घेऊन जा, काय हवंय ते त्यांना बोलू दे, कमिटीतली पोरं मध्ये बोलायला लागली तर त्यांना थांबवायचं काम तुझं. पाणी, चावी आणि कपडे बदलायची खोली, या तीन गोष्टी स्वतःच्या नावावर लिहून घे. मीटिंग झाली की मला कळव, कमिटीने खर्चाचं कारण पुढे केलं तर बजेट कसं बसवायचं ते आपण आकडे मांडून बघू.